लेदू ऊर्फ सांसूसी

४ ऑक्टोबर
आडनाव काय, तर सांसूसी! फ्रेंचमध्ये म्हणे त्याचा अर्थ ‘बिनघोर’. असा माणूस माझ्या मुलीशी लग्न करणार, आणि मी घोर करायचा नाही?

एतिएन आज जेवायला आला होता. कॅनडातल्या क्युबेकचा. इथे जपानात, इचिकावाला फ्रेंच शिकवतो. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आम्ही जपानीतच बोललो. दारात बूट नीट लावून ठेवले, वरणभात दोनदा घेतला. गुणी दिसतो — तेच खटकतं. आईचं आडनाव विचारलं तर पेलतिए. वडिलांचं सांसूसी. वेगळे झालेत का, तर नाही, एकत्रच राहतात! मी ओवीकडे पाहिलं. “कांकेइ नाइ, आई,” म्हणाली. संबंध नाही कसा?

एक मात्र तिने सांगून टाकलं — मी हो म्हटल्याशिवाय वॉर्ड ऑफिसात लग्नाचा कागद द्यायची नाही. म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर.

७ ऑक्टोबर
हा घराण्याची वंशावळ तयार करतोय. ओवीला त्याने ती पाठवली होती, मी मागून घेतली. बाप सांसूसी, आजा सांसूसी, पणजा सांसूसी — आणि वर गेल्यावर एकदम लेदू! मधल्या एकाचं नाव ‘लेदू दी सांसूसी’. फोनला भाषांतर करायला लावलं. ‘लेदू म्हणाला सांसूसी.’ कोणाला म्हणाला? का म्हणाला?

८ ऑक्टोबर
‘दी’ म्हणजे ऊर्फ! इथल्या फुनाबोरीच्या भारतीय दुकानातल्या सुनेत्राने शोधून दिलं. ऊर्फवाली माणसं मी फक्त पोलिसांच्या बातम्यांत वाचलीत.

ह्यांना सांगितलं तर हसत सुटले. म्हणे, आपण दहीभाते, आपण कोणाच्या आडनावाला हसू नये. पण मी हसत नव्हतेच.

१२ ऑक्टोबर
तोंडावरच विचारलं. पूर्वज शिपाई होता म्हणे. पलटणीत प्रत्येकाला टोपणनाव मिळायचं, तेच चिकटलं. पुढे एक भाऊ लेदू राहिला, दुसरा सांसूसी झाला. आणि तिकडच्या चर्चच्या जुन्या नोंदींत बाई कायम माहेरच्या नावाने — लग्नात, बाळंतपणात, गेल्यावरसुद्धा. आता तर कायदाच आहे, म्हणून आई पेलतिए.

सगळ्याची उत्तरं तयार! खरं बोलणारा माणूस कुठेतरी अडखळतो.

१५ ऑक्टोबर
ओवी माझ्याशी धड बोलत नाही. वाईट वाटतं. पण उद्या फसली तर?

१९ ऑक्टोबर
आता ह्याला आमची नावं हवीत! ओवीची बाजूही वंशावळीत घालायची म्हणे. नावं घेऊन उद्या काय करेल कोण जाणे. ह्यांनी मात्र पणजोबांपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं.

मी म्हटलं, “स्वरूपा प्रल्हाद दहीभाते.”

तो थांबला. “हे नवऱ्याचं झालं. तुमचं?”

माझ्याआधी ओवीच म्हणाली, आईचं माहेर केळुसकर. त्याने ‘स्वरूपा केळुसकर’ लिहिलं आणि मला दाखवलं. छान ठळक अक्षरात.

मी मान डोलावली. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि चहा घ्यायला उठले.

२० ऑक्टोबर
स्वरूपा केळुसकर नावाची बाई कधी नव्हतीच. सासरी माझ्या नावाची नणंद होती, एका घरात दोन कशा चालतील? लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. पासपोर्टही त्याच नावाचा. त्यानंतर जुनं नाव मला कोणी विचारलं नाही. कालपर्यंत.

सकाळी एतिएनला फोन लावला. म्हटलं, “ते खोड. सिंधू केळुसकर लिही. आणि वॉर्ड ऑफिसात कधी जाताय ते सांग, मीही येते.”

मागून ओवीने विचारलं, “सिंधू कोण?”