चेलो आणि पहिली मात्रा

सोम., ५ जानेवारी
स्वतःच्या हातांनी बनवलेलं, क्रमाने: चेलो एक (सागवानी कपाटाचं दार, मान शिसवीची). गज एक (वरातीच्या घोडीच्या शेपटीचे केस, घोडीवाल्याच्या परवानगीने). लय मोजायला मेट्रोनोम एक (पंख्याचा रेग्युलेटर, वायपरची मोटर). वादक एक: मी. गुरू नाही.
शेजारच्या तनुजाने चेलो कॉन्चेर्टो लिहिलाय. ऑर्केस्ट्रा तिचा, सोलो माझा. शहरात तिला चेलो एकच सापडला. कार्यक्रम अठराला. घाबरण्यासारखं काही नाही.

मंगळ., ६
नोटेशन पाहिलं. एका ओळीत सात मात्रा, पुढच्या ओळीत पाच, परत सात. टेम्पो मध्येच वाढतो. तळहाताला घाम. हवा दमट असावी.
निश्चय: सगळं आपल्या तालात बसवायचं. सात म्हणजे रूपक. भजनी मंडळात जन्म गेला. रूपकात पहिल्या मात्रेला टाळी नसते, हात वर हवेत सोडायचा. सोपं.

शनि., १०
क्रांती चौकामागच्या हॉलमध्ये तालीम. पान अकरावर अख्खा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि सातमधली पहिली मात्रा मी एकट्याने ठोकायची. हात आपोआप वर गेला. गजासकट. आवाज नाही.
तनुजा म्हणाली, काका, एकवर जोर हवाय, तुम्ही एकवर टाटा करताय. व्हायोलिनवाल्या पोरी हसल्या. तिला समजावलं, सातमधला एक रिकामाच असतो, ही आपल्याकडची पद्धत. म्हणाली, पद्धत मला ठाऊक आहे काका, पण हा सात माझा आहे.
उद्धट. पण लय पक्की.

सोम., १२, सकाळी
पान अकराच्या भीतीने जाग आली. दुरुस्ती: पित्ताने.
द्वारका म्हणाली, अहो, कप वाजायलाय बशीत. जमत नसंल तर सांगून टाका पोरीला, कुणी खाणार नाय तुम्हाला. म्हणालो, मी घाबरलेलो नाही. म्हणाली, व्हय, दिसायलंय की.

गुरु., १५
उपाय सापडला. सायकलच्या ट्यूबचा पट्टा, एक टोक उजव्या मनगटाला, दुसरं खुर्चीला. हात वर जाणारच नाही. हाही स्वतः बनवला. तालमीला लावला नाही, पोरी हसतात.

रवि., १८, दुपारी
पोट. परत पोट. काल मुकुंदवाडीत खाल्लेली भजी. तनुजाने विचारलं, काका, पाय का हलतायत? म्हणालो, टेम्पो धरतोय.

सोम., १९
काल कार्यक्रमात पान दहापर्यंत उत्तम.
पान अकरा. सगळे थांबले. तनुजाची काठी खाली आली. माझा हात वर गेला. ट्यूब ताणली, परतली, गज चेलोच्या अंगावर आपटला. ठक्. बरोब्बर दोनवर.
पुढचं पान दिसेना. तनुजाने डोळ्यांनी सात मोजले, ऑर्केस्ट्रा उचलला आणि शेवटपर्यंत माझ्याशिवाय नेला.
टाळ्या झाल्या. श्रोत्यांना ठक् आधुनिक वाटलं असावं.

मंगळ., २०
तनुजा पेढे घेऊन घरी. म्हणाली, काका, चेलो लई भारी बनवलाय, आवाज पार शेवटच्या रांगेत गेला. पुढच्या महिन्यात परत कार्यक्रम. मी विचारलं, तालीम कधी? ती पेढ्यांकडे बघत म्हणाली, वाजवायला पुण्याहून एक जण येतोय.
द्वारका म्हणाली, घ्या की, पोटाला आराम.
मी साफ नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. नाकारलेला प्रस्ताव, नोंद असावी: मला पहिल्या रांगेचा पास, चेलोला अडीच हजार भाडं.