अर्ध्या टाक्या

प्रिय दादा,

'प्रिय' मनापासून लिहिलेलं नाही, हाताला सवय आहे म्हणून आलं. रविवारी तू गाडी घेऊन येणार, तुझ्या मेहुण्यांना चौकशीला नेणार आणि तिथे हे मान खाली घालून म्हणणार की जहाज मी चुकीचं वळवलं म्हणून उलटलं, असा तुझा निरोप मिळाला. सोबत फळांची करंडीही मिळाली. ती आल्या पावली परत पाठवली आहे. आमच्या घरात आजारी कुणी नाही.

हे काय करतात ते सांगते, म्हणजे तुलाही नीट झोप लागेल. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली म्हणजे धक्का, काड्यापेटी म्हणजे जहाज. मग म्हणतात, वारा इकडून होता, मी सुकाणू एवढंच फिरवलं, वरची शिडं आधीच उतरवली होती. काड्यापेटी पुन्हा पहिल्या जागी ठेवायची आणि पुन्हा वळवायची. इतकी वर्षं कप्तानकी केलेला माणूस स्वतःची चूक शोधतोय आणि ती सापडत नाही म्हणून आणखी खंगतोय. जहाजाच्या खालच्या स्वयंपाकघरात अडकून आचारी गेला, तो आपल्यामुळेच, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं आहे. त्याच्या बायकोला भेटायला गेले आणि तिच्या दारातूनच परत फिरले.

तुला बाबांची परात आठवत असेल. नसेल तर सोयीनं विसरला असशील. लहानपणी आपल्या जहाजांच्या कारखान्याच्या अंगणात ते आपल्याला अर्धी परात पाणी घेऊन चालायला लावायचे. हात जरा कलला की सगळं पाणी त्याच बाजूला धावायचं आणि हात आणखी खाली ओढायचं. मग काठोकाठ भरलेला, झाकण घट्ट लावलेला डबा द्यायचे. तो जड असायचा, पण मुकाट यायचा. जहाज वाऱ्यानं कलतंच, बाबा म्हणायचे, प्रश्न ते परत उभं राहतं का एवढाच. वजन तळाशी हवं आणि ते जागचं हलता कामा नये. मी भिजायचे, रडायचे. तू मात्र परात न सांडता नेऊन दाखवायचास, म्हणून कारखाना तुला मिळाला आणि मला शिडं शिवायची खोली. तेव्हा मला कळत नव्हतं असं तू कुणालाही सांगू शकतोस, पण तुला कळत नव्हतं असं मला सांगू नकोस.

पाहुण्यांना वर बसून जेवता यावं म्हणून तू या जहाजाच्या डेकवर काचेच्या खिडक्यांचा दिवाणखाना चढवलास. म्हणजे डोकं जड केलंस. तळात पाचर मारून घट्ट बसवलेले दगड काढलेस आणि त्या जागी पाण्याच्या टाक्या घातल्यास, हवं तेव्हा भरायच्या, हवं तेव्हा उपसायच्या. नव्या पद्धतीचं कौतुक तुझ्या तोंडून इतकं ऐकलं की कान किटले. मग आपल्या कारखान्याच्या रीतीप्रमाणे डोलणी झाली. सगळे कामगार बाबांच्या शिट्टीवर डेकच्या एका कडेकडून दुसरीकडे धावले आणि बाबा खाली ओळंबा धरून बसले, जहाज कलून किती वेळात सरळ होतं ते बघत. छान सरळ झालं. बाबांनी पसंती दिली, तू त्यांच्या पाया पडलास, आणि मी वेडी, डोळे पुसत होते. टाक्या त्या दिवशी गच्च भरलेल्या होत्या. भरलेल्या टाकीतलं पाणी दगडासारखंच असतं, जाणार कुठे?

पहिल्या फेरीच्या दिवशी ओहोटी होती. खाडीच्या उथळ मुखातून जहाज निघेना, आणि धक्क्यावर तुझे बडे पाहुणे ताटकळले होते. दवाखान्यात आचाऱ्याचं शव बाहेर आणेपर्यंत आपण दोघं उभे होतो तेव्हा तू मला म्हणालास, "जहाज हलकं करायला टाक्या अर्ध्या उपसल्या होत्या. पण ते कुणाला कळायची गरज नाही." मेहुण्यांना तरी सांगितलं होतंस का, असं मी विचारलं. तू खिशातला रुमाल काढून नाक पुसलंस. तेच तुझं उत्तर होतं.

मी यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता चिडतील, उठतील. पण म्हणाले, घर फुटेल, बाबांचं वय झालंय, माझं नाव गेलं तर गेलं. इतका भला माणूस गाठून त्याच्या डोक्यावर खापर फोडायला तुला लाज कशी वाटली नाही? तुझा राग येतो म्हणणं फार सौम्य होईल. मला तुझा तिटकारा आला आहे, आणि दुसरं जहाज त्याच टाक्या घालून तुझ्या कारखान्यात उभं आहे हे बघते तेव्हा भीतीही वाटते.

काल जेवताना बाबांनाही सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला आणि एवढंच विचारलं की आपण ओळंबा धरला तेव्हा टाक्या भरलेल्या होत्या का. आज सकाळी बूट घातले आणि माझा हात धरून चौकशीच्या कचेरीत गेले. यांना उठवलंही नाही. परातीपासून टाक्यांपर्यंत सगळं सांगितलं, दुसऱ्या जहाजाचंही. अधिकाऱ्यानं विचारलं, बांधणारा तुमचा कोण. बाबा म्हणाले, "मुलगा. तसंच लिहा." घरी आल्यावर मला बसवलं आणि म्हणाले, त्याला हे परक्याकडून कळू नये, तू कळव. म्हणून हे पत्र. रविवारी इकडे फिरकू नकोस असं मी लिहिलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. त्यांचं म्हणणं, येऊ दे, जेवून जाऊ दे. मी त्याला वाढणार नाही, मी स्पष्ट सांगितलं. बाबा म्हणाले, मग मी वाढेन.

नाइलाजानं का होईना, तुझीच,
धाकटी