दाराबाहेरच्या चपला

शनिवार, १८ जानेवारी

आज मुलींना घेऊन कुवारबावची जागा बघून आले. सगळं हवं तसंच आहे. भाडं परवडेल, शाळा चालत जाण्यासारखी, कंपाउंडला गेट. ह्यांना फोन केला तर म्हणाले, "मग घेऊन टाक. मी मुंबईत बसून काय बघणार?" खरंय. मग दुपारपासून मन का लागत नाहीये?

त्या चपला डोळ्यांसमोरून जात नाहीत. तिथे समोरच्या दाराबाहेर पुरुषाच्या मोठ्या चपला होत्या. बरं वाटलं. शेजारी बाप्या माणूस आहे, अडीअडचणीला हाक मारता येईल. तेवढ्यात त्या घरातल्या वहिनी केरसुणी घेऊन बाहेर आल्या. चपला उचलल्या, खालचा केर काढला आणि परत होत्या तिथेच नीट ठेवल्या. पट्ट्यात कोळ्याचं जाळं होतं. मी बघतेय म्हटल्यावर हसल्या.

"आमचे हे बोटीवर असतात. चपला बाहेर दिसलेल्या बऱ्या. तुमचे कुठे असतात वो?"

"मुंबईला."



फसले कशी मी? मीसुद्धा हेच तर करते! घरी आल्यावर कुलूप काढताना ह्यांच्या चपलांकडे लक्ष गेलं. गणपतीला आले होते, त्यानंतर त्या हलल्याच नव्हत्या. उचलल्या. सगळीकडे तांबडी धूळ, आणि खाली लादी तेवढीच स्वच्छ, दोन पावलांएवढी.