सावलीचा पडदा न ओढता डेझीची तपासणी होणेबाबत

प्रति,
मा. पीक विलगीकरण अधिकारी,
फुलशेती तपासणी कार्यालय.

विषय : डेझीच्या हरितगृहाची तपासणी भर दुपारी होऊन आतील माळ्यास बाहेर सोडणेबाबत.

संदर्भ : दाराच्या काचेवर आपण चिकटवलेला आदेश (आतून उलटा वाचला).

महोदय,

१. मी या हरितगृहात माळी असून सध्या आतच आहे. फुलकिड्यांच्या संशयावरून आपण दाराला सील लावले, तेव्हा मी मागच्या वाफ्याला पाणी देत होतो. ‘आतील काहीही बाहेर जाऊ नये’ असा आदेश असल्याने त्या ‘काहीही’मध्ये मीही धरला गेलो. डबा, साबण झडपेतून आत येतात, त्याबद्दल तक्रार नाही. आपण मात्र पांढरा कोट घालून आत येता आणि बाहेरही जाता. तो कोणता नियम, हे विचारण्याची माझी पायरी नाही.

२. फुलकिडे फुलाच्या गाभ्यात बसतात, म्हणून पूर्ण उमललेली फुले तपासूनच सील निघेल, असे आदेशात आहे. आपण प्रत्येक वेळी ‘फुले मिटलेली, पुढील तारीख’ असा शेरा दिला. यात आपला दोष नाही. साहेबांना ऊन लागू नये म्हणून आपली गाडी येण्याआधी छताखालचा सावलीचा पडदा ओढावा, अशी मालकांची ताकीद आहे. दांडा फिरवून तो मीच ओढतो. डेझीला ऊन गेले की संध्याकाळ वाटते आणि ती मिटते. रोज मिटणारी फुले पाहून डोळे सरावल्यामुळे मला त्यात वावगे दिसले नाही. बाहेर उभ्या असलेल्या माझ्या पत्नीच्या ते ध्यानात आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी आमची गत झाली.

३. मालकांना सांगितले असता, साहेब घामाघूम झाले तर परवानाच जाईल, पडदा ओढायचाच, असे ते म्हणाले. त्यांची दुसरी हरितगृहे चालू आहेत. मला घर एकच आहे.

४. डेझी हंगामी आहे. एकदा फुलते, बी धरते आणि वाळते. नवीन पेरणीस आपलीच मनाई आहे. शेवटची पाकळी गळाल्यावर उमललेले फूल आणायचे कुठून, आणि सील निघायचे कशावर? आपल्या कारकुनांना झडपेतून विचारले, तर ‘मग फाईल तशीच राहील’ असे उत्तर मिळाले. त्या दिवसापासून मला भीती वाटते, हे नम्रपणे नमूद करतो.

५. माझी मुलगी या काळात चालू लागली. तिचे चालणे मी वाफ धरलेल्या काचेतून पाहिले. ती बाहेरून तळवा टेकवते, मी आतून. आता घरी ती कपाटाच्या आरशावर थापा मारून बाप शोधते, असे कळते.

तरी आपण भर दुपारी यावे. आपणांस घाम येईल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पडद्याचा दांडा मी काढून मातीत पुरला आहे. कोठे, ते मालकांनाही सांगणार नाही.

सीलच्या आतून,
आपला नम्र,
माळी

दिनांक : आजचाच.

सोबत : काही नाही. आतला कागद बाहेर नेता येत नसल्याने अर्ज मी काचेला लावून धरला व पत्नीने बाहेरून उतरवून घेतला.

(इथवर त्यांचं. पुढचं माझं. साहेब, पुढचे वाफे गळाले. मागच्या एका रांगेतच फुलं उरलीत, हे त्यांनी लिहिलं नाही. उद्या दुपारी या. उन्हाची काळजी करू नका, आत तुमच्या डोक्यावर छत्री मी धरीन. आत आलेलं माणूस बाहेर येत नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणून पोरीला कडेवर घेऊनच येईन.)