पाळणा भरला, पण चिंधीने

रेवदंडा

तीर्थरूप सोनूआत्यास नूतनचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? पालीची हवा काय म्हणते? (हवा म्हणजे तुझी शेजारीण. ती माझ्याबद्दल काय म्हणते ते इथवर पोचतं.) इकडे मी, गणराज, सासूबाई आणि आमची कुत्री चिंधी, सगळे खुशाल.

तू टेम्पोतून पाठवलेला लाकडी पाळणा मिळाला. लग्नाला आठ वर्षं झाली तरी भाचीच्या घरात कुत्रीच बागडते, म्हणून तुझा जीव तुटतो हे मी समजू शकते. ‘रिकामा पाळणा घरात ठेवला की आपोआप भरतो’ हा तुझा निरोप सासूबाईंनी फारच मनावर घेतला. त्यांनी पाळण्यात मऊ गोधडी घातली, वर साडीचा पडदा सोडला आणि आळीतल्या बायका जमवून माझी ओटी भरायचं ठरवलं. चिंधी आमच्या पायथ्याशी झोपते हे त्यांना मुळातच खुपतं. ‘प्वार न्हाय घरात, नि कुत्री पोसतात,’ असं त्या सुकट निवडताना समुद्राला सांगत असतात. (समुद्र मागे आहे, मी पुढे.)

कार्यक्रम थाटात झाला. बाजारात पापलेटाचे कल्ले उचकून बघावेत तशा नजरेने बायकांनी माझं पोट बघितलं. शेवटी पाळण्यात बाळकृष्ण ठेवायला म्हणून सासूबाईंनी पडदा सारला, तर आत चिंधी, आणि तिला बिलगलेली ओली, डोळे मिटलेली चार पिल्लं! दोन महिने अख्खी आळी माझ्या पोटावर नजर ठेवून होती आत्या, चिंधीच्या पोटाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. (आम्हाला वाटलं, भाताने सुटलंय.)

‘नवस पावला गं बाय!’ कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, आणि बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. सासूबाईंनी बाळकृष्ण छातीशी धरला आणि रडायलाच लागल्या. मग माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, ‘आई, होत नाही असं काही नाही. आम्हाला मूल नकोच आहे.’

गणराज दारात सरबताचा ट्रे घेऊन उभा होता. हा गृहस्थ आठ वर्षं आईला ‘नूतनला जरा वेळ लागेल’ असं सांगत आलाय. म्हणजे निर्णय दोघांचा आणि दोष माझ्या एकटीचा. मी त्याच्याकडे पाहिलं. अखेर ट्रे खाली ठेवून तो बोलला, ‘आई, मलापन नको हाय.’

‘मंग म्हातारपनी तुमाला कोन बघनार?’

‘तुला तीन पोरं. तुला कोन बघतंय?’

‘तू.’

‘मी कवा? नूतन बघते.’

बायका घाईघाईने चपला शोधायला लागल्या. सासूबाई दुसऱ्या दिवशी थोरल्या दिरांकडे पनवेलला निघून गेल्या, कायमच्या. तिथे नातवंडं आहेत. त्यांनी आजीला हॉलमधल्या सोफ्यावर झोपवलं आणि वर तिलाच ‘टीव्हीचा आवाज कमी कर’ म्हणून सांगितलं. कायमचं जाणं आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. ‘तिकडचं पानी बाधतं,’ म्हणत परत आल्या. आता चिंधीला मासळीची डोकी उकडून घालतात, वर मलाच दम देतात, ‘बाळंतीन हाय ती, तिला भूक लागते.’ मूल का नको, हे मात्र अजून विचारलेलं नाही. बोलतात, पण माझ्याकडे न बघता. तेही मला चालतंय.

तुझी लाडकी,
नूतन

ता. क. पाळणा इतक्यात परत मिळणार नाही. रागावू नकोस.

ता. क. २ खरं काम राहिलंच. येत्या सोमवारी अलिबागला गणराजचं ऑपरेशन आहे. सासूबाईंना हर्निया असं सांगितलंय. तुला काय ते कळलंच असेल. दोन दिवस घरी येऊन त्यांना बोलण्यात गुंतवून ठेवशील का?

ता. क. ३ चिंधीचीही नसबंदी लगोलग उरकणार होतो, पण गुरांचे डॉक्टर म्हणाले, पिल्लं दूध सोडेपर्यंत थांबा. ते ऐकून गणराज म्हणतो, ‘मग मीपन थांबतो.’ तू रविवारीच ये.