भिंतीतला पंखा

२ एप्रिल २०१८, ढाणकी

वाहिदभाईने खिडकी ठोकून टाकली! दोन फळ्या आडव्या मारून. समोरच्या पानठेल्यावरची पोरं मला बघतात म्हणे. बघतात तर त्यांचे डोळे फोड ना, माझी खिडकी कशाला? तसं मी त्याच्या तोंडावर म्हणाले. हातातला हातोडा त्याने माझ्या पायाशी फेकला. अंगठा थोडक्यात वाचला.

एवढीशी खोली, वर टिनपत्रे, आणि आत माझा कॉम्प्युटर. रमजानच्या आधी लग्नं उरकायची सगळ्यांना घाई, म्हणून व्हिडिओ मिक्सिंगचं काम अंगावर येऊन पडलंय. रेंडरला, म्हणजे अख्खा व्हिडिओ जोडून बनवायला, लावला की मागून अशी गरम हवा फेकतो की भाकरी भाजून घ्यावी. आज दुपारी तापून आपोआप बंद पडला. अख्खा निकाह गेला. आता पुन्हा पहिल्यापासून.

३ एप्रिल

कॉम्प्युटरचं झाकण काढलं, समोर टेबलफॅन लावला. काही उपयोग नाही. तीच हवा गोल फिरून माझ्या तोंडावर येते.

शेजारच्या खोलीत वाहिदभाईचा कापूस छतापर्यंत. खेड्यापाड्यातून घेतलेला, भाव चढेल म्हणून दाबून ठेवलेला. त्याचे तंतू दाराखालून येतात आणि मशीनच्या पंख्यात जाऊन बसतात. ब्रशने काढता काढता नाक-डोळे चुरचुरतात. बोंडअळीच्या तोंडातून उरलेला कापूस तो, त्याला अख्खी खोली. मला खिडकीही नाही.

अम्मी म्हणाली, कूलर माग. मागितला, तर वाहिदभाई म्हणतो, ‘तुह्या खेळन्यासाठी कूलर?’ याच खेळण्यावर गेले दोन महिने घरात किराणा येतोय, हे मात्र कुणी बोलायचं नाही.

५ एप्रिल

भिंत फोडली!

सबल, म्हणजे पहार, घनश्यामकाकांची. काका वाहिदभाईचे हमाल. रात्री कापसाच्या खोलीच्या दारात झोपून राखणही तेच करतात, किल्ली करदोड्याला बांधून. माझ्या खोलीत डोकावले आणि म्हणाले, ‘पोरी, तुह्या खोलीत त भट्टी पेटली. सरक, तुले नाई जमनार.’ मी म्हटलं, जमेल. आळीपाळीने घाव घातले. दर घावाला मी मनात वाहिदभाईचं नाव घेतलं. फार बरं वाटलं. त्या भोकात जुना एक्झॉस्ट पंखा बसवला. आता इकडची गरम हवा पलीकडे, कापसावर.

संध्याकाळी त्याने पाहिलं. मला एक कानाखाली, काकांना आईवरून शिवी. शेवटी अम्मीच म्हणाली, ‘राहू दे. तिकडून कोन पाह्यते तिले? कापूस?’ पंखा राहिला. गालावर त्याची बोटंही राहिली.

८ एप्रिल

मशीन दिवसभर चाललं. एकदाही बंद पडलं नाही.

११ एप्रिल

पंख्याच्या पात्यांमधून दिसलं. काकांना बाजारात पिटाळून वाहिदभाई फवारणीचा पंप पाठीला अडकवून कापसावर पाणी मारत होता. थर उपसायचा, पाणी मारायचा, पुन्हा दाबायचा. घेतला त्यापेक्षा जड झाला की झालं! मग कापूस घेणाऱ्या जिनवाल्याला फोन करून वाढीव वजन सांगितलं. गाडी उद्या येणार.

मला शरम शिकवणारा माझा भाऊ.

१५ एप्रिल

गाडी अजून आली नाही. इकडे लग्नामागून लग्न रेंडरला लागतंय. पंखा रात्रंदिवस चालू. बाहेर चव्वेचाळीस, पलीकडच्या खोलीत त्याहून जास्त असेल. असू दे.

१७ एप्रिल

गाडी आली, कापूस गेला.

१८ एप्रिल

सगळं लिहून ठेवते.

जिनवर वजन कमी भरलं. सांगितलं होतं त्याच्यापेक्षा बरंच कमी. तिथला दिवाणजी घरी आला. ‘वाहिदभाई, एक त तुमी खोटं बोलले, नाईत तुमच्या घरात चोर हाये.’

वाहिदभाईने एकदा माझ्या खोलीकडे पाहिलं. मग घनश्यामकाकांची कॉलर धरली आणि त्यांना कापसाच्या रिकाम्या खोलीत ओढत नेलं.

मी पंखा बंद करून भोकातून पाहिलं. आधी लाथा. मग तीच सबल. ‘किल्ली तुह्याजवळ होती ना? कोनाले इकला?’ काका म्हणत होते, ‘पोराची आन मालक, बोंडभर नाई नेला.’ हाताने डोकं झाकलं तर हातावर मारलं. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दिवाणजी दारात उभा राहून खर्रा चघळत होता.

मी ओरडले. अम्मीने मागून येऊन माझं तोंड दाबलं. मी तिच्या हाताला कडकडून चावले. तरी तिने सोडलं नाही.

१९ एप्रिल

काकांची बायको जमनीकाकू आली. हात मोडला, बरगड्याही गेल्या. यवतमाळला न्यायला सांगितलंय. अंगणातच उभी राहिली, आत आली नाही. ‘आरजू बेटा, तू त बाजूच्याच खोलीत होती. रातच्याले कोनी कापूस नेताना पाह्यलं का तुनं?’

नाही म्हटलं. खरं तेच होतं. चोर कुणी नव्हताच. वाहिदभाईने मारलेलं पाणी माझ्या पंख्याने वाळवलं! हे मला कालच कळलंय, आणि मी गप्प बसले. सांगितलं की पहिला घाव या मशीनवर पडणार. मशीन गेलं की मी पुन्हा चुलीपुढे, आणि मग जो कोणी पहिला मागणी घालेल त्याच्या घरी. नाही सांगणार. दिवसभर हेच घोकतेय आणि स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतंय.

२० एप्रिल

सांगितलं. वाहिदभाई जेवत होता. भाईजान, चोरी झालीच नाही, माझ्या पंख्याने कापूस वाळला, एवढंच म्हटलं. वाटलं, आता सबल घेऊन उठतो.

उठला नाही. घास चावत म्हणाला, ‘मले मालूम हाये.’

कधीपासून?

‘दिवाणजी बोलला तवाच समजलं.’

मग काकांना मारलं कायले?

‘मंग काय सांगू दिवाणजीले? पानी मारलं होतं म्हनून? उद्या माहा कापूस कोन घेते?’

अम्मीने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी ते ताट उचलून भिंतीवर हाणलं. त्याने मला केस धरून त्याच भिंतीवर आपटलं. कपाळाला खोक पडली. मग हात धुऊन शांतपणे म्हणाला, ‘तुह्या मशीनले मी हात नाई लावत. तू तोंड उघडू नको.’

२१ एप्रिल

नवा कूलर आला. वाहिदभाईने स्वतः उचलून माझ्या खोलीत आणला. पाणीही त्यानेच भरलं.

२२ एप्रिल

सकाळी जमनीकाकूबरोबर ठाण्यात गेले. पाणी, पंखा, सबल, सगळं सांगून सही केली. घरी आले तर खिडकीच्या फळ्या काढलेल्या. कॉम्प्युटर खाली रस्त्यावर, पानठेल्यासमोर फुटून पडलेला. कूलर चालू होता. खोली गार होती.