रिलीव्हर येईपर्यंत

अण्णा, सातपूरच्या घरी तुम्ही गेल्यापासून रिकाम्या असलेल्या तुमच्या खाटेवर बसून लिहितेय. सुट्टीवर आलेय. आई आत भाकरी थापतेय आणि सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये. मला दिल्लीला परत यायचा हुकूम झालाय, म्हणजे महिन्यातून एकदा तरी नाशिकला येता आलं असतं. आईचे गुडघे पार गेलेत, ती त्याच आशेवर होती. पण ज्या लहानशा देशात मी आपल्या दूतावासात काम करते, तिथे माझ्या जागी यायला माणूसच नाही. आमच्याकडे देश फार आणि अधिकारी थोडे. व्हिसा, व्यापार, मंत्र्यांचे दौरे, सगळं एकाच टेबलावर. त्यातच बांधकामावरच्या आपल्या मजुरांचे पासपोर्ट मालकाने काढून घेतले. ते अजून तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. त्यातला एक आपल्याच जिल्ह्यातल्या हरसूलकडचा. तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही गेल्यावर आमचा फोन कोन उचलंल?"

तेव्हापासून तुमची पाळी आठवतेय. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा तुमच्या कंपनीतला रिवाज. माझ्या दहावीच्या निकालाला आई पेढे घेऊन दारात उभी, आणि तुम्ही अंधार पडल्यावर उगवलात. "कंपनीला तुम्ही एकटेच सापडता का?" आई कडाडली. तुम्ही हात धूत म्हणालात, "अगं, तो आलाच नाय. चालू मशीन टाकून कसा येऊ?" मग कॅन्टीनचा लाडू कागदातून काढून माझ्या हातावर ठेवलात. त्याला ऑइलचा वास येत होता. मी रुसले होते, तरी सगळा खाल्ला. अजूनही त्या वासाने मला तुमची फार आठवण येते.

तिथेच थांबण्यासाठी मुदतवाढीचा अर्ज मी आज सकाळीच पाठवला. आईला सांगायचा धीर होत नव्हता, पण माझं फोनवरचं बोलणं तिने ऐकलं असावं. जगभर बोलणी करते, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी माझी वाचा बसते. आत्ता तीच ताट घेऊन आली. भाकरीवर तूप सोडलं आणि खाली बघतच विचारलं, "तुझा रिलीव्हर कधी येणार?"

मी म्हणाले, "लवकरच." हा कागद खुंटीवरच्या तुमच्या डब्याच्या पिशवीत ठेवते. अण्णा, तुम्हाला म्हणून सांगते, मला भीती वाटते. तुमचा रिलीव्हर उशिरा का होईना, यायचा.